जांभळीखालचे बारा गुंठे

रविवारच्या पेपरातून एक गुळगुळीत पत्रक घसरलं आणि रजनीच्या चहाच्या कपाशेजारी उताणं पडलं. अशी पत्रकं रोज दोन-तीन येतात आणि ती न वाचता रद्दीत टाकायची तिची सवय आहे. हे मात्र तिनं हातात धरलं आणि चहा तसाच राहिला. पत्रकावर नऊ इमारती होत्या, अजून न बांधलेल्या. निळा पोहण्याचा तलाव होता, सायकलवरून जाणारं एक हसरं कुटुंब होतं. मागचा डोंगर मात्र खरा होता, फोटोतला. मधेच खाली बसलेली आणि पुन्हा चढलेली ती कड ती जन्मापासून पाहत आली होती. तिनं इमारती डोळ्यांआड केल्या आणि त्यांच्या पायाशी काय असायला हवं ते मनात मांडून पाहिलं. डावीकडे ओढा. मग नाचणीचे तुकडे. मग माळ, आणि माळावर एकटी जांभूळ. जांभळीच्या जागी इमारत क्रमांक चार होती.

“काय गं?” दादासाहेबानं विचारलं. दादासाहेब हे तिच्या नवऱ्याचं पाळण्यातलं नाव. त्याच्या बार्शीकडे अशी नावं ठेवतात आणि पुण्यातल्या ऑफिसात त्यावरून अजूनही थट्टा होते.

“आमच्या गावाच्या माळावर स्कीम होतेय.”

“बरंच आहे की. आबांच्या जमिनीला भाव येईल.” एवढं बोलून त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर धरला. पेपराआडून थोड्या वेळानं तो म्हणाला, “माळ म्हणजे, तो?”

तिनं पत्रकाची घडी घातली. सतरा वर्षांत त्यांच्यात या विषयावर झालेलं हे सर्वांत लांब बोलणं होतं. आतल्या खोलीत किमया क्लासची वही शोधत आदळआपट करत होती. ती तेरा वर्षांची आहे, आणि आपण पहिली मुलगी नाही हे तिला माहीत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रजनी दुधेवाडीला गेली होती. कोळवणच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. भाद्रपद होता. मुलगी अकरा दिवसांची झाली होती. दुसऱ्या दिवशी बारसं, म्हणून आईनं घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. पहाटे अंग तापलं, आठ वाजता जीप आली, आणि पौडच्या अलीकडच्या वळणावरून जीप परत फिरली. पुढचं तिला तुकड्यांत आठवतं. आईनं दार लोटून घेतलं. बाहेर कुणी रडलं नाही, कारण एवढ्या लहान जिवासाठी उंबऱ्याबाहेर रडायचं नसतं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. बाप किंवा आजा हातावर घेऊन जातो, सोबत एक माणूस टिकाव घेऊन. खड्ड्यात मीठ, वर काटेरी फांद्या, फांद्यांवर दगड. खूण करायची नाही. जाताना एक वाट, येताना दुसरी. आणि जागा आईला सांगायची नाही, कधीच. सांगितली तर ती तिथं जाऊन बसते, आणि मग तिची कूस पुन्हा उजवत नाही. दादासाहेब बार्शीहून पोचला तोवर दुसरा दिवस उजाडला होता. त्यालाही कुणी काही सांगितलं नाही. तो घरजावईसुद्धा नव्हता, नुसता जावई होता, आणि त्यानं विचारलंही नाही.

पण बाळंतिणीच्या खोलीला मागच्या बाजूनं हातभर खिडकी होती. आईची पाठ वळल्यावर रजनी उठून तिथं उभी राहिली होती. तिनं पाहिलं: पुढे तिचे वडील, आबा, दोन्ही हात पोटाशी धरलेले, जणू काही सांडू नये म्हणून सांभाळून नेत आहेत. मागे गावातले नथूकाका, खांद्यावर टिकाव. ते बांधावरून चालले, माळ चढले, जांभळीच्या मागे गेले. पलीकडून बाहेर आले नाहीत. मग पावसाची सर आली आणि माळ पुसला गेला. ते निघाले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आबा परत आले तेव्हा अकरा वाजून दहा. रस्त्याच्या बाजूनं आले आणि अंगणातच पाय धुतले. एवढ्यावरून तिनं जागा ठरवली. त्यानंतर माहेरी गेली की ती एकदा तरी मागच्या दारी उभी राही आणि जांभळीकडे पाही. माळावर कधी गेली नाही. नियम तिनं पाळला. फक्त तिला जागा माहीत होती. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि आपल्याकडे असं काहीतरी आहे जे बाकीच्या बायकांकडे नाही, याचा तिला एक लाजिरवाणा आधार होता.

ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करते. पदवीच्या प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्यावरच्या नावाशी जुळतं की नाही, हे तपासायचं. अठरा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीचं प्रमाणपत्र गेलेलं नाही, असं तिचे साहेब निरोप-समारंभांतून सांगतात. तेव्हा पत्रक आलं त्याच आठवड्यात तिनं रजा टाकली, जाहीर नोटीस मिळवली, गट नंबर उतरवून घेतले. माळ शेती विभागातून रहिवास विभागात घ्यायचा प्रस्ताव होता. हरकतींना तीस दिवस. त्यातले अकरा गेले होते. नोटीस ज्या पेपरात आली होती तो पेपर दुधेवाडीत कुणी घेत नाही.

गावाची हरकत होतीच. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, त्यात नऊ इमारतींना पाणी कुठून आणणार. गुरं कुठं चारायची. ओढा बुजवला तर खालची भातखाचरं कशावर पिकवायची. शाळेच्या पडवीत बैठक झाली तेव्हा कंपनीचा माणूसही आला. रोहित नावाचा, जवळच्या माण गावचाच, पांढऱ्या गाडीतून. त्याच्या वडिलांची शेती आयटी पार्कात गेली होती आणि आता त्यांच्या बावीस खोल्या भाड्यानं होत्या. तो सगळ्यांना काका-मावशी म्हणत होता.

“मावशी, पोरांना नोकऱ्या लागतील हितं. सिक्युरिटी, गार्डन, हाऊसकीपिंग.”

“म्हंजे आमच्याच माळावर आमीच राखनदार,” गोजराबाई म्हणाली. ती सत्तरीची, गावात जीभ सैल म्हणून प्रसिद्ध. “आन् तू रं? तुज्या बापानं बावीस खोल्या बांदल्या, त्यातली एक तरी तुला दिली का, का तू बी भाडं भरतूयास?”

लोक हसले. रोहितही हसला. पाण्याचं आणि चराईचं लिहून झालं. अर्ज रजनी लिहीत होती, कारण तिचं अक्षर आणि भाषा दोन्ही कचेरीला चालणारी. शेवटी तिनं विचारलं, “आणि माळावर पोरं आहेत, ते?”

पुरुषांनी खाली पाहिलं. एकजण उठून तंबाखू थुंकायला गेला. भिंतीला टेकून बसलेले तिचे वडील, कोंडाजी, चौऱ्याहत्तर वर्षांचे, म्हणाले, “रजे, त्ये लिवू नगं.”

“का, आबा?”

“त्ये बोलायचं नसतंय.”

“मग बुलडोझरला कोण सांगणार?”

गोजराबाई पदर सावरून पुढे सरकली. “लिव,” ती म्हणाली. “माजी दोन हायेत तितं. एक पोरगा, एक पोरगी. लिव तू.”

त्यानंतरचे दोन आठवडे रजनी शनिवार-रविवार गावात काढत होती. बायका एकेक करून येत. स्वयंपाकघराच्या दाराशी, धुण्याच्या दगडापाशी, एकीनं तर एसटीच्या थांब्यावर गाठलं. चौदा बायका झाल्या. त्यांतल्या तिघींनी हे कुणापुढे पहिल्यांदाच उच्चारलं. आणि प्रत्येकीची जागा वेगळी होती. एकीनं दिराला चिंचेच्या बुंध्याचं काहीतरी पुटपुटताना ऐकलं होतं. एकीला त्या रात्री स्वप्नात पांढरा धोंडा दिसला होता. गोजराबाई म्हणायची, बांधाच्या कोपऱ्यावर, कारण तिथून जाताना नवऱ्याची मान आपोआप वळायची. म्हणजे या सगळ्याजणी, आपल्यासारख्याच, आयुष्यभर चोरून कुठेतरी पाहत होत्या. हे रजनीच्या लक्षात आलं; पण ती अर्ज लिहीत होती, आणि चौदा जागा कुठल्याही कचेरीत टिकत नाहीत. तिनं त्यांना समजावलं. आपण एकच जागा सांगू. मी डोळ्यांनी पाहिलंय, जांभळीपाशी. गट नंबर एकशे अठरा.

“तू शिकलेली,” गोजराबाई म्हणाली. “तू म्हनतीस तर तितंच आसंल. मला काय, कुटं का हुईना, एका जागी तर असतील.”

स्थळपाहणीला मार्चमध्ये एक अधिकारी बाई आल्या. पस्तिशीच्या, डोक्याला स्कार्फ, हातात नकाशा. माळावर ऊन होतं. त्यांनी अर्ज पूर्ण वाचलेला होता आणि त्या नीट बोलत होत्या.

“मयतांची नावं लागतील,” त्या म्हणाल्या.

“ठेवली नव्हती,” रजनी म्हणाली. “बहुतेकांची.”

बाईंनी पेन थांबवलं आणि रकाना रिकामा सोडला. “बरं. पण जागेबद्दल मला खात्री लागते. या बायकांपैकी कुणी पुरताना हजर नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग हजर कोण होतं?”

“ह्ये काय, हुबं हायेत की,” गोजराबाईनं हात केला. “ओळीनं. खड्डं ह्यांनीच काढल्यात. इचारा.”

सात-आठ म्हातारे एका बाजूला उभे होते. टोप्या, काठ्या, एकाच्या डोक्यावर उन्हासाठी टॉवेल. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी कोंडाजींकडे. कोंडाजी वयानं मोठे. ते काही वेळ उभे राहिले. रजनीला वाटलं, हा एवढा वेळ लागतोय तो नियम मोडण्याचा. सगळ्या गावासमोर, आपल्या मुलीसमोर, ते तोंड उघडून जागा सांगणार होते. तिला त्यांची दया आली आणि थोडा अभिमानही वाटला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जांभळीकडे पाहिलं.

“व्हय,” ते म्हणाले. “हितंच.”

“सगळी?”

“समदी.”

अधिकारी बाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. नथूकाका काठीनं माती उकरत होते. “हितंच,” ते म्हणाले. मग एकामागून एक सगळे म्हणाले. पंचनाम्यावर तिघांनी सह्या केल्या, पाचांनी अंगठे उठवले.

एप्रिलअखेर निर्णय आला. पाण्याची हरकत एका ओळीत फेटाळली होती. चराईची एका ओळीत. ओढ्याबद्दल लिहिलं होतं की योग्य व्यासाची पाइप टाकून प्रवाह सुरक्षित ठेवण्यात येईल. फक्त गट एकशे अठरामधले बारा गुंठे, जांभळीच्या भोवतीचे, खुली जागा म्हणून कायम राखायचे होते आणि इमारत क्रमांक चार सरकवायची होती. रजनीनं कागद दोनदा वाचला. अठरा वर्षांच्या सवयीनं तिनं गट नंबर अर्जाशी ताडून पाहिला. जुळत होता.

पुढच्या मंगळवारी बायका जांभळीखाली गेल्या. अशी रीत नव्हती, म्हणून काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी दुधाची वाटी, एकीनं बाजारातून प्लास्टिकचा खुळखुळा आणला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून परत पिशवीत टाकला. गोजराबाई खाली बसली, तळव्यानं माती सारखी करू लागली आणि करतच राहिली, जणू तिथं अंथरूण घालायचं होतं. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला. पन्नास वर्षांपूर्वी उंबऱ्याबाहेर काढायचा नव्हता, तो. रजनी तिच्या शेजारी उभी होती आणि तिला स्वतःला रडू येत नव्हतं. तिला वाटलं, आपण एक काम नीट पार पाडलं. घरी आल्यावर तिनं किमयाला जवळ बसवून सगळं सांगायचं ठरवलं, आणि मग परीक्षा होईपर्यंत थांबायचं ठरवलं.

मे महिन्यात नथूकाकांचा फोन आला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलतात. त्या दिवशी हळू बोलत होते.

“तुजा बाप जेवत न्हाई दोन दीस झालं. मशीन आल्यात. सकाळपून वढ्याकडं जाऊन बसतुया.”

“ओढ्याकडे? का?”

“मला काय म्हाईत,” नथूकाका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी ती कोळवणच्या एसटीनं गेली. फाट्यावर उतरून माळाच्या बाजूनं चढली, कारण बारा गुंठ्यांना तारेचं कुंपण घालायचं काम चालू आहे असं रोहितनं तिला कळवलं होतं, फोटोसकट. दोन मजूर पहारीनं खांबांसाठी खड्डे घेत होते. पहिला खड्डा झाडापासून दहा पावलांवर होता. तो हातभरही खोल नव्हता. दुसराही नाही.

“इतनाही होगा मॅडम,” मजूर म्हणाला. “नीचे पूरा पत्थर है. पहार नहीं जाती.” त्यानं दाखवण्यासाठी पहार आपटली. टणकन आवाज आला आणि हादरा त्याच्या हातातून वर कोपरापर्यंत गेला असावा, कारण त्यानं हात झटकला. “पेड़ कैसे खड़ा है, पता नहीं. दरार में घुसा होगा.”

ती खड्ड्याशी वाकली. वीतभर माती, तिच्याखाली काळा, सलग कातळ. तिनं आणखी एक जागा दाखवली, झाडाच्या पूर्वेला, अर्जात लिहिली होती ती. तो हसला, पण त्यानं पहार मारली. टणकन.

नथूकाकांचा टिकाव. पन्नास मिनिटं. त्यात जाणं, येणं, खड्डा, मीठ, फांद्या, दगड. दोन माणसं. भाद्रपदातला चिखल. ती तिथंच उभी राहून हे सगळं पुन्हा मांडत होती. सतरा वर्षांपूर्वी मांडलं होतं, तेव्हा तिनं कातळ धरलाच नव्हता, कारण ती माळावर कधी गेलीच नव्हती. आणि ती गेली नव्हती, कारण तिनं नियम पाळला होता. जांभळीच्या मागे गेलेली माणसं तिथं थांबायलाच हवीत असं थोडंच होतं. मागून उतार आहे. उताराखाली ओढा. ओढ्याच्या काठाला गाळाची मऊ जमीन, जिथं लहान खड्डा पाच मिनिटांत होतो आणि कुत्र्यांना लागत नाही एवढा खोल होतो. गावातल्या प्रत्येक बाप्याला हे माहीत असणार. माळावर त्या दिवशी ओळीनं उभ्या असलेल्या आठही जणांना माहीत होतं. खरी जागा सांगायची तर ती चौदा आयांच्या देखत सांगावी लागली असती. आणि तिनं त्यांच्यासमोर, शिक्क्यासाठी तयार, एक दुसरी जागा लिहून ठेवली होती. नुसतं व्हय म्हणायचं होतं.

ती उतारावर आली. खाली पिवळं मशीन ओढ्याचा काठ कापत होतं, पाइप टाकण्यासाठी. त्याच्यापासून वीसेक हातांवर कोंडाजी एका दगडावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. तिला पाहिल्यावर ते उठले. इतक्या चटकन उठले की त्यांचा तोल गेला.

“तू कशापायी आलीस हितं? उनाचं?”

“तुम्ही जेवत नाही म्हणे.”

“कोन म्हनलं? नथ्या? त्याला दुसरा धंदा न्हाई.” ते बोलता बोलता तिच्या आणि मशीनच्या मधे येऊन उभे राहिले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा, वाळलेला माणूस. त्यांच्या दोन्ही बाजूंनी तिला सगळं दिसत होतं. मशीनचा दातेरी हात खाली गेला, वर आला. माती काळी होती, ओली होती.

तिला विचारायचं होतं, नक्की कुठं. या बाजूला की त्या बाजूला. गेलं की अजून आहे. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, हे तिला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होतं; ओठ आधीच हलत होते. आणि मग गोजराबाईला कोण सांगणार होतं? त्या मंगळवारी जांभळीखाली बसून हातानं माती सारखी करणाऱ्या बाईला?

“इथं काय आहे, आबा?” तिनं विचारलं.

“काय न्हाई.” ते तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. “वढा हाय.”

“मग चला घरी. मी भाकरी टाकते.”

“तू हो म्होरं. म्या आलोच.”

ती वळली आणि बांधावर चढू लागली. उन्हानं बांध तापला होता. मागे इंजिनाचा आवाज एकदम कमी झाला. आबा हाका मारत होते. तिला नव्हे, ड्रायव्हरला, त्यांना येत होती तेवढ्या हिंदीत.

“भय्या, जरा आस्ते लेव. हितली माटी कच्ची हाय.”

“कच्ची है तभी तो जल्दी हो रहा है, चाचा,” ड्रायव्हर हसून ओरडला.

“व्हय, पर आस्ते,” आबा म्हणाले. “आस्ते.”